गेटवेची जाळी ग्वाल्हेरची, मग उज्जैनचे वाडे कुणाचे?





उज्जैनच्या जुन्या मराठी घरांत मुंबईची वारी न घडलेले घर विरळाच. कुणाची लेक दादरला दिली आहे, कुणाचा मुलगा ठाण्याला नोकरीला आहे, कुणी के.ई.एम. इस्पितळात महिना काढून आले आहे. आणि मुंबईला गेलेला माणूस गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढल्याशिवाय परतत नाही. प्रत्येकाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. त्या फोटोत मागे कमानीवर जी नाजूक दगडी जाळी दिसते, ती कुठली हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. कमानीचा पिवळसर बेसाल्ट मुंबईच्या आसपासचा. जाळ्या मात्र ग्वाल्हेरहून नेलेल्या. होय, ग्वाल्हेरहून! ज्या रियासतीत आपले उज्जैन होते, ज्या दरबाराच्या चाकरीत आपले खापरपणजे इथे येऊन स्थायिक झाले, त्याच मुलखातल्या कारागिरीचा तो नमुना आहे.

मुंबईत त्या जाळीला आज कुणी हात लावून दाखवावा! राज्याचे पुरातत्त्व खाते, महापालिका, वर्तमानपत्रे आणि रस्त्यावरचा सामान्य माणूस असे चौघे एकदम उभे राहतील. आणि इकडे उज्जैनमध्ये सिंहपुरीतल्या किंवा कार्तिक चौकातल्या एखाद्या वाड्याची कोरीव चौकट दिवसाढवळ्या हातगाडीवरून भंगारात गेली, तर गल्लीतले कुत्रेही भुंकत नाही. असे का होते? मुंबईचा दगड भारी आणि उज्जैनचे लाकूड हलके, असे काही आहे का? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वास्तू तिच्या भव्यतेमुळे टिकत नाही. ती कागदावर नोंदली जाते, तिच्यासाठी नियम होतो, तिचा वापर चालू राहतो आणि तिच्यामागे बोलणारी माणसे असतात, म्हणून ती टिकते. मुंबईत हे चारही झाले. उज्जैनमध्ये २०२८ चा सिंहस्थ येण्याआधी हे झाले नाही, तर पुढच्या पिढीला दाखवायला आपल्याकडे फक्त फोटो उरतील, आणि तेही मुंबईचे!

एका माणसाचे काम

आधी मुंबईचा दाखला नीट पाहू. जॉर्ज विटेट हा स्कॉटलंडमध्ये १८७८ साली जन्मलेला वास्तुविशारद. १९०४ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि जॉन बेग या वडीलधाऱ्या वास्तुविशारदाच्या हाताखाली रुजू झाला. पुढे तो मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद झाला. १९२६ साली मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरले. म्हणजे जेमतेम बावीस वर्षांची कारकीर्द. या बावीस वर्षांत मुंबई बंदराचा चेहरामोहरा बदलून गेला.

गेटवे ऑफ इंडिया त्याचाच. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरला तेव्हा तिथे पुठ्ठ्याची कमान तेवढी उभी होती. खरी कमान नंतर झाली. आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला, समुद्रात भराव घालण्यात काही वर्षे गेली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्घाटन झाले. खर्च आला सुमारे २१ लाख रुपये. पैसा संपल्यामुळे समोरचा नियोजित रस्ता झालाच नाही, म्हणून ती कमान आजही रस्त्याच्या रेषेत बसत नाही. सरकारी कामात पैसा आधी संपतो आणि काम नंतर, ही तक्रार आजची नाही!

आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाणारे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम विटेटचेच. १९०९ च्या स्पर्धेत त्याचा आराखडा निवडला गेला. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, महायुद्धाच्या काळात तिचे लष्करी इस्पितळ झाले आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ च्या जानेवारीत उघडली. घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरचा. आणि आत? आत एका अठराव्या शतकातल्या मराठी वाड्याचे कोरीव लाकूडकाम बसवलेले आहे. ते नाशिकच्या वाड्यातून विकत घेऊन विटेटने आपल्या इमारतीत लावले. वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. एका परक्या वास्तुविशारदाला मराठी वाड्याच्या खांबांची, कठड्यांची किंमत शंभर वर्षांपूर्वी कळली होती. मराठी वाड्यात जन्मलेल्या काही महाभागांना ती आजही कळत नाही.

बॅलार्ड इस्टेट घ्या. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीदगडाचा भराव टाकून पोर्ट ट्रस्टने सुमारे २२ एकर जमीन नव्याने तयार केली. त्या जमिनीवर कंपन्यांनी आपापल्या कचेऱ्या बांधल्या. पण मन मानेल तशा बांधल्या नाहीत. इमारतींची उंची, दर्शनी भागाची धाटणी एकमेकींशी जुळली पाहिजे, असे विटेटच्या देखरेखीखाली ठरले होते. म्हणून आजही त्या रस्त्याने जाताना डोळ्याला ठेच लागत नाही. टाटांचे बॉम्बे हाऊस त्याचे, विज्ञान संस्थेची इमारत त्याची, स्मॉल कॉजेस कोर्ट त्याचे. परळचे के.ई.एम. इस्पितळ आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयही त्याचेच. या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की तिथे शिकवणारे डॉक्टर हिंदी असले पाहिजेत. इंग्रजी राजवटीत, इंग्रज आराखड्याच्या इमारतीत, देशी डॉक्टरांचा आग्रह! आज गोरगरीब मराठी माणूस ज्या इस्पितळाकडे देवळासारखा पाहतो, ते हे.

आता कुणी म्हणेल, एका साहेबाची एवढी भलामण कशाला? भलामण नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की त्याने काय केले हे आपल्याला आज सांगता येते. साल सांगता येते, खर्च सांगता येतो, दगड कुठला आणि जाळी कुठली हे सांगता येते. कारण त्याची नोंद झाली. गेटवेच्या बांधकामावर देखरेख ठेवणारे सहायक अभियंता रावबहादूर यशवंत हरिश्चंद्र देसाई हे आपले मराठी गृहस्थ. त्यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? आराखडा काढणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात गेले आणि उन्हात उभे राहून काम करून घेणाऱ्या मराठी अभियंत्याचे नाव जाणकारांपुरते राहिले. ग्वाल्हेरची जाळी कोरणारे हात तर पार अनामिक. ज्याची नोंद आहे तोच इतिहास ठरतो. ज्याची नोंद नाही त्याचा रस्ता होतो!

मुंबईत टिकले कसे?

मुंबईला कुणी फार संस्कृतिप्रेमी समजू नये. तिथे जागेचा भाव उज्जैनच्या कित्येक पट आहे. पाडून मनोरा उभारायला बिल्डर टपून बसलेले असतात. वरळीला ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा समुद्र महाल होता. आज त्या जागी बहुमजली इमारत आहे आणि महालाचे फक्त नाव तिला लावलेले आहे. राजाचा महाल गेला, कारण त्या काळी त्याला वाचवणारा नियम नव्हता. राजाला जिथे संरक्षण नाही तिथे तुमच्याआमच्या ओसरीची काय कथा?

पुढे मुंबईच्या नागरिकांनी आणि त्यांच्या संस्थांनी पाठपुरावा केला आणि १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियम लागू झाले. जुन्या इमारतींची यादी झाली, त्यांच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळजवळ हात लावायचा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत बदल करायचा तर समितीची संमती घ्यायची. आणि मालकाचे काय? त्याला वाऱ्यावर सोडले नाही. वारसा वास्तूच्या जागेवर जे वाढीव बांधकाम करता येत नाही, त्याचा हक्क शहरात दुसरीकडे वापरायला किंवा विकायला देण्याची सोय त्या नियमांत ठेवली गेली. यालाच टी.डी.आर. म्हणतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. मालकांच्या तक्रारी तिथेही आहेत, पळवाटा तिथेही आहेत. पण निदान इमारत पाडण्याआधी कुणालातरी विचारावे लागते. हे ‘विचारावे लागते’ एवढेच उज्जैनला हवे आहे.

आणि नाव बदलण्याचा प्रश्न? १९९८ मध्ये संग्रहालयाचे नाव बदलले. युवराजाच्या जागी शिवछत्रपतींचे नाव आले, ते योग्यच झाले. पण नाव बदलले म्हणून कुणी घुमट उतरवला नाही. उलट इमारतीची इतक्या जाणकारीने दुरुस्ती केली की २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत तिला सर्वोच्च मान मिळाला. गेटवेसमोर १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. महाराज आले म्हणून कमान पाडली नाही. कमान आहे म्हणून महाराजांचे तेज उणे झाले नाही.

आणि आपले उज्जैन?

आता घरी येऊ. आपले उज्जैन मराठ्यांनी नव्याने उभे केले, हे आम्ही छाती फुगवून सांगतो आणि ते खरेही आहे. महाकालाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंदे यांचे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी उज्जैनची मराठी घरे इथेच राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे विटेट मुंबईत काम करत होता त्याच वर्षांत, माधवराव शिंद्यांनी इथे मोठी कामे हाती घेतली. १९२० मध्ये कालियादेह महालाची दुरुस्ती झाली. १९२३ मध्ये सवाई जयसिंगाच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा ज्योतिर्विद तिथे अधीक्षक म्हणून बसला.

वेधशाळेचे उदाहरण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. माधवरावांना ती यंत्रे पाडून तिथे बंगला बांधता आला असता, विचारणारे कुणी नव्हते. त्यांनी ती दुरुस्त केली आणि वापरात आणली. १९४२ पासून तिथून दरवर्षी पंचांग निघते. वापरात आहे म्हणून वेधशाळा जिवंत आहे. याउलट कालियादेहची दुरुस्ती झाली, पण पुढे वापर राहिला नाही, निगा राहिली नाही आणि महालाची पडझड झाली. राजा एकच, काळ एकच, शहर एकच. फरक पडला तो वापराने.

महाकालाजवळच्या महाराजवाड्यात कित्येक वर्षे शाळा भरत होती. ती वास्तू पाडली नाही, हेरिटेज हॉटेलसाठी सज्ज केली. शाळेची जागा हॉटेलने घ्यावी का यावर मतभेद असू शकतात. पण इमारत उभी राहिली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. म्हणजे शासनाला जुनी वास्तू वाचवता येत नाही असे नाही. मनात असले की वाचवता येते.

मग प्रश्न कुणाचा आहे? मंदिरांचा नाही. त्यांना कुणी हात लावणार नाही. प्रश्न आहे मंदिरांच्या आणि घाटाच्या मधल्या साध्या घरांचा. जिथे चौक आहे, ओसरी आहे, सागवानी तुळया आहेत, दारावर गणेशपट्टी आहे, माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. या घरांना कुणी राजा नाही, कुणी विटेट नाही. सुतार-मिस्त्रीचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. अशी घरे चौडीकरणाच्या नकाशात फक्त एक आडवी रेघ असतात. २०२३ मध्ये के.डी. गेट मार्गाच्या चौडीकरणात घरांचे दर्शनी भाग कसे उतरवले गेले, ते सर्व उज्जैनकरांनी पाहिले. सिंहस्थ जसजसा जवळ येईल तसतशा या लाल खुणा आणखी भिंतींवर पडतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

तीन बहाणे

या विषयावर बोलायला उभे राहिले की तीन बहाणे ऐकायला मिळतात. तिन्हींचा समाचार घेतलाच पाहिजे.

पहिला बहाणा: ‘या गुलामीच्या आणि राजेशाहीच्या खुणा, त्यांचे प्रेम कशाला?’ हे बोलणाऱ्यांना आमचा सवाल आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण हिंदुस्थान सोडून गेली ती कुठून? त्याच गेटवेच्या कमानीतून! बादशहाच्या स्वागताची म्हणून बांधलेली कमान साहेबाला निरोप देण्याच्या कामी आली. ती पाडली असती तर हा विजय कुठे उभा राहून सांगितला असता? दगड कुणाचा गुलाम नसतो. तो ज्यांच्या ताब्यात असतो त्यांचा असतो. आणि उज्जैनच्या वाड्यांचे म्हणाल तर ते ना इंग्रजांचे, ना राजाचे. ते कारकुनांचे, फडणिसांचे, पुराणिकांचे, वैद्यांचे आणि सावकारांचे. त्यांत कसली आली राजेशाही?

दुसरा बहाणा: ‘विकास नको का? सिंहस्थाला कोट्यवधी लोक येतात, रस्ते हवेतच.’ जरूर हवेत! आम्ही महाकालाचे भक्त आहोत. भाविकांची चेंगराचेंगरी व्हावी असे कोण म्हणेल? पण रुंदी कुठे, किती आणि कशाच्या बदल्यात, हे विचारणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे. बॅलार्ड इस्टेट हासुद्धा त्या काळचा विकासच होता, समुद्र हटवून केलेला. तिथे शिस्त होती म्हणून तो शंभर वर्षांनी शोभून दिसतो. उलट शिस्तीशिवाय घाईने केलेल्या कामाचे काय होते तेही उज्जैनने पाहिले आहे. महाकाल लोकच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ ला झाले. २८ मे २०२३ च्या वादळी वाऱ्यात तिथल्या सप्तर्षींपैकी सहा मूर्ती कोसळल्या. फायबरच्या होत्या त्या! आठ महिनेही झाले नव्हते. अरबी समुद्राच्या तोंडावर उभी असलेली कमान शंभर पावसाळे सोसते आणि मालव्याच्या एका वावटळीत ऋषी आडवे होतात, याचा अर्थ ज्याने त्याने समजून घ्यावा. जुने पाडून नवे बांधणाऱ्यांनी आधी नवे किती दिवस टिकते याचा हिशेब द्यावा.

तिसरा बहाणा आपल्याच समाजातला आहे आणि तो सर्वांत जड आहे: ‘वाडा सांभाळणे परवडत नाही. भाऊबंदकी आहे, भाडेकरू आहेत, छप्पर गळते, मुले पुण्याला नाहीतर परदेशात. विकून मोकळे झालेले बरे.’ ही अडचण खरी आहे. तिची थट्टा आम्ही करणार नाही. सत्तरीतल्या माणसाने कौले शाकारायला गडी शोधत फिरावे आणि आम्ही त्याला वारशाचे व्याख्यान द्यावे, हा अन्याय होईल. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की वारसा सांभाळण्याचा सगळा बोजा मालकाच्या डोक्यावर टाकू नका. त्याला बदल्यात काहीतरी द्या. घरपट्टीत सूट द्या, दुरुस्तीची परवानगी लवकर द्या, वाढीव बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरू द्या. ही मागणी करायला कुणी पुढे येत नाही, म्हणून मालक एकटा पडतो आणि एकटा माणूस विकतो.

मात्र ज्यांना अडचण नाही, त्यांचे काय? शिवजयंतीला फेटा बांधून पुढे चालणारे, गणेशोत्सवाच्या मंचावरून ‘मराठी वारसा’ म्हणताना ज्यांचा कंठ दाटून येतो, असे काही पुढारी आपल्या समाजात आहेत. त्यांच्या घराची दोनशे वर्षांची चौकट जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि तिथे ॲल्युमिनियमचे शटर आले. नावे घेण्याची गरज नाही, ज्याचे त्याला कळेल. नाशिकच्या वाड्याचे लाकूड संग्रहालयात गेले. उज्जैनच्या वाड्याचे लाकूड कुठल्यातरी हॉटेलच्या दिवाणखान्यात शोभेसाठी जाते. त्यावर कुठल्या गावचे, कुणाच्या घरचे, हेसुद्धा लिहिलेले नसते. फेटा बांधल्याने वारसा टिकत नाही, बांधवांनो!

आमच्या मागण्या आणि आपले काम

उज्जैन नगर निगमची मागची निवडणूक २०२२ च्या जुलैत झाली. मुदत पाच वर्षांची. म्हणजे सिंहस्थाच्या आधी मते मागायला सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या ओसरीवर येणार आहेत. हात जोडतील, ‘काकू, आशीर्वाद द्या’ म्हणतील. आशीर्वाद अवश्य द्यावा, पण आधी चार गोष्टी लेखी मागाव्यात.

एक, उज्जैनच्या जुन्या शहरातल्या वारसा वास्तूंची यादी प्रसिद्ध करा. यादी असेल तर छापून वॉर्डावॉर्डात लावा. नसेल तर सिंहस्थाची कामे जुन्या गल्ल्यांत शिरण्याआधी तयार करा. तिच्यात फक्त मंदिरे आणि महाल नकोत, राहती घरेही हवीत.

दोन, चौडीकरणाचा नकाशा आधी लोकांसमोर ठेवा, हरकती ऐका, मग भिंतीवर खूण करा. आज खूण आधी आणि सुनावणी मागून, असे होऊ नये.

तीन, यादीतल्या घराच्या मालकाला नुकसानभरपाई आणि सवलत द्या. मुंबईत १९९५ साली जी टी.डी.आर.ची सोय झाली, तशी उज्जैनला इतक्या वर्षांनंतर का होऊ नये, याचे उत्तर द्या.

चार, जे पाडावेच लागेल त्याचे आधी मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे करून ठेवा. कोरीव लाकूड, दगड यांची नोंद करून ते शहरातल्याच संग्रहालयात ठेवा. निदान नाशिकच्या वाड्याला जे भाग्य मिळाले, ते उज्जैनच्या वाड्याला आपल्याच गावात मिळू द्या.

जो उमेदवार या चार गोष्टींवर सही करणार नाही, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या जातीचा असो की आपल्या भाषेचा असो, त्याला आपले मत का द्यावे, याचा प्रत्येक घराने विचार करावा. आपली मते फार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण जुन्या शहराच्या वॉर्डांत निकाल थोड्या मतांनी फिरतो, हे पार्षदांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आणि हा प्रश्न एकट्या मराठी माणसाचा नाही. शेजारच्या मालवी, गुजराती, बोहरी कुटुंबांच्या हवेल्यांवरही तीच रेघ आहे. त्यांना बरोबर घेऊनच चालावे लागेल. मराठी, मराठी म्हणत वेगळे उभे राहिलो तर वेगवेगळे पाडले जाऊ.

शासनाकडे मागणी करताना स्वतःचे कामही आहेच. प्रत्येक घराच्या पेटाऱ्यात, माळ्यावर, देवघराच्या फळीवर कागद पडले आहेत. सनदा, वाटणीपत्रे, घराचे नकाशे, सुतार-मिस्त्रीला दिलेल्या मजुरीच्या वह्या. बरेचसे मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ते कागद वाळवी खाण्याआधी बाहेर काढा. घर कोणत्या साली बांधले, कुणी बांधले, लाकूड कुठून आणले, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा. दर्शनी भागाचा, चौकाचा, दाराचा एकेक फोटो जोडा आणि त्याची एक प्रत आपल्या संस्थेच्या कार्यालयात जमा करा. एक घर, एक कागद. ज्या दिवशी अशा कागदांचा गठ्ठा कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर पडेल, त्या दिवशी ‘इथे जुने असे काहीच नाही’ हे वाक्य कुणालाही म्हणता येणार नाही.

विटेटच्या मागे सरकार होते, पैसा होता, बंदराचा व्यापार होता. तुमच्याआमच्या घरांच्या मागे यातले काही नाही. आपल्याकडे कागद आहे, मत आहे आणि तोंड आहे. तिन्ही वापरायची वेळ आज आहे. लाल खूण भिंतीवर पडल्यावर संस्थेकडे धावत येण्यापेक्षा आज एक कागद घेऊन या. संस्थेचे दार उघडे आहे.